हिरव्या मखमलीची बगल

२०२२ सालच्या ऑगस्टातली गोष्ट. ओमानमधल्या सलालाहत खरीफचा, म्हणजे तिथल्या पावसाळ्याचा, ओलसर गारवा होता आणि वजीराच्या घरी टीव्हीपुढे सांदणांचं ताट. ताश्कंदहून पंधरा देशांची गाण्यांची स्पर्धा थेट दाखवत होते. ओमानच्या गायिकेमागे उभ्या राहून गाणाऱ्या चार मुलींत वरच्या मजल्यावरच्या देविकाची पूर्वा होती, म्हणून देविकाही खाली येऊन बसली होती. वजीराच्या नवऱ्याचा, यूनुसचा टीव्ही मोठा होता.

"ह्याला दहातले दोन," यूनुस म्हणाला. बंदरातून निवृत्त झाल्यापासून तो सगळ्यांनाच गुण देई. "गातोय का दाढ उपटून घेतोय?"

"बाबा, हळू. त्याच्या देशाला ऐकू जाईल," सून मुनिबा हसली.

वजीरा हसली नाही. हातातलं सांदण तिनं तसंच बशीत ठेवून दिलं.

तीस वर्षं ती घरी शिवणकाम करत होती. पूर्वाची निवड ऐनवेळी झाली. बाकी तिघींचे झगे मस्कतला शिवून झाले होते, हिचा वजीराकडे आला. हिरव्या मखमलीचा अबू ढैल, म्हणजे इथल्या बायकांचा सणाचा झगा, पुढून आखूड, मागे जमिनीवर लोळणारा. मखमल मशीनखाली सरकते, म्हणून वजीरा आधी हातानं पांढऱ्या दोऱ्याचा कच्चा टाका घाली, मग मशीन मारी. उजव्या बगलेला कच्चा टाका घालून झाला आणि मगरिबची अजान झाली. नमाज पढून येते तर देविका आणि पूर्वा दारात, खाली विमानतळाची गाडी हॉर्न देतेय, आणि झगा मुनिबानं घडी करून पिशवीत भरलेला. "सलामत जा, बाय," म्हणत वजीरानं पूर्वाच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या गडबडीत बगलेला मशीन मारायची राहून गेली.

हे आठवलं ते स्पर्धेच्याच दिवशी सकाळी, मशीन पुसताना. स्पर्धकांचे फोन आयोजकांनी काढून घेतलेले. देविकाला सांगावं, तर तिचा जीव आधीच टांगणीला. यूनुसला सांगावं, तर सगळ्या इमारतीला कळायचं. आणि मुनिबाला? मागच्या ईदला तिनं एका गिऱ्हाइकाच्या अबायाच्या दोन्ही बाह्या उलट्या लावल्या, तेव्हापासून वजीरानं तिला मशीनला हात लावू दिला नव्हता. तिला कुठल्या तोंडानं सांगणार?

"आली, आली! वजीराभाभी, बघा ना!" देविका ओरडली. "काय बसलाय हो झगा! चौघींत आपल्या पूर्वाचाच उठून दिसतोय."

"हं," वजीरा म्हणाली.

गाणं तिच्या कानांत शिरतच नव्हतं. पूर्वानं जिन्यात कितीदा तरी करून दाखवलं होतं: शेवटच्या कडव्याला चौघींनी हात वर न्यायचे आणि गाणं संपेपर्यंत खाली आणायचे नाहीत.

"अगो, पाय कशाला हलवतेस? सोफा नाचतोय," यूनुस म्हणाला.

"तुमी गप बसा जरा!"

ढोल वाढला. आठ हात वर गेले. कॅमेरा नेमका पूर्वावर येऊन थांबला. वजीरानं ओढणीचं टोक दातांत धरलं. मखमल ताणली गेली, चमकली, आणि शिवण हललीसुद्धा नाही. हात वरच. मग टाळ्या.

"दहातले दहा!" यूनुसनं मांडीवर थाप मारली. "कमी कोण देतो ता बघतोच!"

देविका रडत होती. वजीरा तिच्याहून जास्त.

"भाभी, तुम्ही का रडता?"

"बगल फाटली नाय गो तिची," वजीरा म्हणाली. "कच्च्या टाक्यावर पाठवलेली मी. कशी टिकली, अल्लाला ठाऊक."

मुनिबा बशा गोळा करता करता थांबली.

"अम्मी... मी मारली होती मशीन. तुम्ही नमाजला होतात. घडी करताना पांढरा दोरा दिसला."

"मग बोलली का नायस?"

"तुम्ही ओरडला असतात. मशीनला हात लावला म्हणून."

वजीरानं डोळे पुसले.

"एकदाच मारलीस का दोनदा?"

"दोनदा. मखमल आहे ना."

"दोनदाच मारायची असते," वजीरा म्हणाली, आणि बशीतलं सांदण उचलून तिनं अख्खं तोंडात टाकलं.

ओमानचा नंबर आठवा आला. यूनुसनं पंचांना दहातलं शून्य दिलं.

पूर्वा आता मस्कतला, बौशरमध्ये, मुलांना गाणं शिकवते. देविका तिच्याकडेच राहते. यूनुस गेल्या रमजानात गेला. टीव्हीवर कुणी गाऊन थांबलं की घरातले अजून क्षणभर गुणांची वाट बघतात.

मशीनवर मुनिबा बसते. वजीराला सुईचं भोक दिसत नाही. ती शेजारी खुर्ची घेऊन बसते. शिवण पक्की झाली की मुनिबा कापड तिच्या मांडीवर ठेवते, आणि वजीरा बोटांनी चाचपत कच्च्या टाक्याचं टोक शोधते, मखमलीला सुरकुती पडू न देता तो पांढरा दोरा हळूहळू उपसून काढते.