बोलता झाला तेव्हा

नीलम ड्युटीवरून घरी आली तेव्हा दाराला बाहेरून कडी होती आणि आतून डोकं आपटल्यासारखा आवाज येत होता. ओट्यावर तिचे थोरले दीर, नत्थुजी बसले होते. त्यांच्या मनगटावर दात रुतल्याच्या खुणा होत्या, रक्त कोपरापर्यंत ओघळून वाळलं होतं. शेजारी सासू चतुराबाई उजवा हात डाव्या हातात धरून भिंतीला टेकली होती. कोपराच्या खाली तो हात भलत्याच ठिकाणी वाकला होता.

"बांधून टाकलं त्याले," नत्थुजी म्हणाले. "मायचा हात मोडला त्यानं. मी आलो नसतो तं जीवच घेतला असता."

नीलमने कंडक्टरची बॅग खांद्यावरून न काढताच कडी सरकवली. तिच्या मुलाला, संघपालला खाटेच्या पायाशी दोरीने आवळलं होतं. कपाळ सुजून वर आलं होतं. टीव्ही उपडा पडला होता, पिठाचा डबा सांडला होता आणि त्या पिठात रक्ताचे थेंब होते. कोणाचे ते कळत नव्हतं. बारा वर्षांचं पोरगं मान वर न करता घोगऱ्या आवाजात 'सोड मले' एवढंच म्हणत होतं. 'सोडू नको,' नत्थुजी मागून म्हणाले. तरी ती खाली बसली आणि गाठी सोडू लागली.

शेवटची गाठ सुटली आणि त्याने चुलीजवळचा बत्ता उचलून तिच्या तोंडावर हाणला. भुवईच्या वर कातडं फाटलं, डोळ्यात रक्त उतरलं. त्याने पुन्हा हात उगारला तेवढ्यात नत्थुजींनी त्याला मागून धरून जमिनीवर पाडलं, पाठीवर गुडघा रोवला आणि मानेत बुक्के घालायला सुरुवात केली. नीलमने त्यांना सगळा जोर लावून ढकललं आणि स्वतःच मुलावर आडवी पडली. पुढचा बुक्का तिच्या खांद्यावर बसला. मग नत्थुजी थांबले.

तिच्या अंगाखाली पोरगं तापात कापावं तसं कापत होतं.

"आई, मी नाही करून राहिलो," तो म्हणाला. "माह्या हातानं होऊन जाते."

मागच्या वर्षी दर्यापूर रोडवर ट्रकने मोटरसायकल उडवली, तेव्हा संघपाल त्याच्या वडिलांच्या, मनोजच्या मागे बसला होता. मनोज जागीच गेला, मुलाला नुसतं खरचटलं. त्या दिवसापासून मुलाचं बोलणं बंद झालं. घास तोंडात दिला तर गिळायचा, नाही दिला तर बसून राहायचा. शेवटी तिने त्याला अकोल्याच्या दवाखान्यात मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई त्याच्याशी बोलत बसायच्या. पुढे उदासीवरच्या गोळ्या सुरू झाल्या. एक दिवस जेवताना तो भाजीत मीठ नाही असं म्हणाला, आणि नीलम पदर तोंडात धरून रडली. तो शाळेत जायला लागला. पण शाळेत नुसता बसून राहतो म्हणून दिवाळीनंतर बाईंनी गोळी वाढवली.

त्यानंतर तो झोपेना. घरात येरझारा घाली. जिथे बसे तिथून लगेच उठे. पहिल्यांदा तो आजीवर जोरात ओरडला, शिवी दिली, तेव्हा नीलमला राग आलाच नाही. आपलं लेकरू बोलतंय हे गल्लीला ऐकू जावं म्हणून तिने खिडकी उघडली. काही दिवसांनी तीच खिडकी ती बंद करू लागली. त्याने वर्गातल्या पोराचं डोकं बाकावर आपटलं, आजीच्या अंगावर गरम चहा फेकला, कुत्र्याच्या पिलाला भिंतीवर भिरकावलं. वागण्यात काही बदल दिसला तर त्याच दिवशी फोन करा, असं बाईंनी बजावलं होतं. नीलमने कितीदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. सांगितलं तर गोळी बंद होईल, आणि गोळी बंद झाली की तो पुन्हा मुका होईल, हीच भीती तिला होती. मारतो तर मारू दे, पण बोलू दे, असं ती मनात म्हणायची.

आता मात्र तिने रिक्षा बोलावली. सासू, मुलगा आणि ती मूर्तिजापूरहून थेट अकोल्याला गेले. चतुराबाईच्या हाताला प्लास्टर झालं, नीलमच्या कपाळाला टाके पडले. मग ती डॉक्टरीणबाईंसमोर बसली आणि काहीच न लपवता सगळं सांगितलं.

बाईंनी हे कधी सुरू झालं ते विचारलं. गोळी वाढवल्यावर, असं नीलमने सांगितलं. काही मुलांना ही गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर अशी तगमग होते, राग अनावर होतो, असं त्यांनी समजावलं. त्यात मुलाचा वाईटपणा नाही. पण घरच्या घरी एकदम बंदही करायची नाही. त्या उतरवतील तशीच उतरवायची. मग त्यांनी संघपालला एकट्याला आत घेतलं आणि जीव द्यावासा वाटतो का, हेही विचारलं. मग त्याला बाहेर बसवून त्यांनी नीलमला आत बोलावलं आणि तो नाही म्हणाला, असं सांगितलं.

"बाई, गोळी कमी केली आन् त्याचं बोलणं गेलं तं?" नीलमने विचारलं.

"कमी होऊ शकतं," बाई म्हणाल्या. "दुसरे उपाय आहेत, ते करू. पण वेळ लागेल."

दारातून बाहेरच्या बाकावर बसलेली चतुराबाई दिसत होती, तिच्यापासून हातभर लांब संघपाल. तो प्लास्टरकडे बघत होता.

"करा कमी," नीलम म्हणाली.

राग हळूहळू ओसरला. तो झोपू लागला. बोलणंही ओसरलं, दिवसाकाठी दोन-चार शब्द उरले. त्याला परत घ्यायचं शाळेने पुढच्या वर्षी बघू म्हटलं. नत्थुजी यायचे, पण ओट्यावरूनच परत जायचे. चतुराबाईचा हात वर जाईना, तेव्हा सकाळी संघपालच तिच्या मागे बसून तिचे पांढरे केस विंचरू लागला.

बाईंकडे जायचं असलं की नीलम त्याला आपल्या ड्युटीच्याच एसटीतून अकोल्याला न्यायची. एका सकाळी तो खिडकीशी बसला होता आणि त्याच बाकावर नातवाला घेऊन एक म्हातारी. तिकीट घेताना म्हातारीची नजर नीलमच्या कपाळावर गेली. एवढं कशानं लागलं, असं तिने विचारलं. नीलम गाडीचा दांडा लागला म्हणून सांगणार होती.

"म्या मारलं," संघपाल म्हणाला.

म्हातारीने आधी त्याच्याकडे, मग नीलमकडे पाहिलं.

"आजारी होता," नीलम म्हणाली. "आता बरा होऊन राहिला."

म्हातारीने नातवाला मांडीवरून उचललं आणि बाकाच्या पार टोकाला सरकली. मधे जागा मोकळी झाली. पुढच्या प्रवाशांची तिकिटं अजून बाकी होती. नीलमने तिकिटाचं मशीन बॅगेत ठेवलं आणि त्या जागेवर, मुलाला खेटून बसली.