सहावा चमचा

माझी मान वाकडी आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे बघताक्षणी कोणी नाक मुरडायला नको. मी स्टीलचा चमचा. साहेबाच्या मागेपुढे करणारा तो नव्हे हं! मी आपला खराखुरा, साखर ढवळणारा. आम्ही सहा भावंडं एकाच खोक्यातून शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या स्वयंपाकघरात आलो.

बाईचा धाकटा भाऊ तिच्याकडेच राहायचा. तो वायरमन. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही ताईच म्हणतो. मला पहिल्यापासून चौकशा फार. एवढ्या उकाड्यात हा पूर्ण बाह्यांचा शर्ट का घालतो? मधूनच घामाघूम का होतो? एका दुपारी ताई मशीनवर बसली असताना त्यानं मला गुपचूप उचललं आणि हत्यारांच्या पिशवीत टाकलं. तिथं टेस्टर होता, पकड होती. मी म्हटलं, बघू तरी कुठं नेतोय.

नेलं ते एका अर्धवट इमारतीत. तिथं त्याचा जिवलग दोस्त होता, रंगारी. यानं भिंतीत वायरी टाकायच्या, मागून त्यानं भिंत रंगवायची, अशी जोडी. जेवणाच्या सुट्टीत दोघं वरच्या रिकाम्या खोलीत बसले. वायरमननं पकडीनं माझी मान वाकवली, म्हणजे मी जमिनीवर नीट बसेन. मग माझ्यात साखरेऐवजी भलतीच पावडर आली, खालून काडी पेटली आणि माझं बूड जे काळं झालं ते आजतागायत.

नशा करणारी माणसं बेफिकीर असतात म्हणे. छे! ही दोघं सुईच्या बाबतीत भारी काटेकोर.

"तुझी सुई तुला, माझी मला," रंगारी दरवेळी बजावायचा. नशा करणाऱ्यांना फुकट सुया देणारं एक केंद्र आहे, तिथून दोघं कोऱ्या सुया आणायचे. आणि त्या कोऱ्या सुया बुडवायचे कुठं? माझ्यातच! दोघांत पाणी घ्यायचं बाटलीचं झाकण एक, गाळायचा कापसाचा बोळा एक. थोड्या वेळानं पुन्हा घ्यावंसं वाटलं की तीच सुई, आता रक्त लागलेली, परत माझ्यात. मला नवल वाटायचं. याला वेगळं कसं म्हणतात?

हाच प्रश्न अक्कानं विचारला. केंद्रात सुया देणारी ही बाई, तिला सगळे अक्का म्हणतात.

"सुई नवी? शाब्बास," ती वायरमनला म्हणाली. "आणि चमचा कोणाचा? पाणी कोणाचं? कापूस?"

वायरमननं पिशवी पाठीमागे सरकवली. मी तिच्यातच होतो.

अक्कानं त्याचं रक्त तपासायला घेतलं. हिपॅटायटिस सी निघाला. यकृतात बसणारा विषाणू, वर्षानुवर्षं गुपचूप काम करणारा. वायरमनचा चेहरा उतरला.

"अरे, गोळ्या आहेत. साधारण तीन महिने रोज घ्यायच्या. बहुतेक सगळे बरे होतात," अक्का म्हणाली. "पण बरा होऊन पुन्हा त्याच चमच्यावर बसलास, तर पुन्हा होईल. दोस्ताला घेऊन ये. नशा सुटेल तेव्हा सुटेल, तोवर यकृत तर वाचवू."

घरी त्यानं ताईला सगळं सांगितलं. ताई रडली, चिडली. पिशवी खिळ्याला टांगलेली होती, तिच्या फटीतून मला दिसलं: त्याचं ताट, त्याचा पेला वरच्या फळीवर गेले. बाकीची भांडी खालीच राहिली. वायरमन एकटा भिंतीकडे तोंड करून जेवला. मला फार वाईट वाटलं.

तपासायला चल म्हटलं, तर रंगारी ऐकेचना. "मला काय धाड भरलीय? माझी सुई कायम कोरी. आणि तुला माझ्याकडून झाला म्हणायचंय की मला तुझ्याकडून, ते सांग आधी!"

"ते या चमच्याला विचार," वायरमन म्हणाला.

मला विचारून काय उपयोग? पाण्यात कोणाचं रक्त मिसळलं तेही मला कळत नाही, इतकं ते थोडं असतं.

वायरमननं पिशवीतून टेस्टर काढला. "ही वायर बघ. करंट आहे की नाही, दिसतं का? मी कधी नुसतं बघून हात घातलाय? लावायचा टेस्टर, मगच काय ते ठरवायचं. मला भीती वाटतेय रे. तुझ्याशिवाय दोस्त कोण आहे मला?"

रंगारी नखातला रंग उकरत बसला.

दुसऱ्या दिवशी वायरमन ताईला केंद्रात घेऊन गेला. अक्कानं समजावलं, "एका ताटात जेवलात तरी होत नाही. मिठी मारा, उष्टं खा. फक्त दाढीचं पातं आणि दात घासायचा ब्रश ज्याचा त्याचा." मग वायरमननं मला टेबलावर ठेवलं. ताईनं बघितलं आणि किंचाळलीच.

"अगं बाई! हा तर माझा सहावा! याच्यापायी मी शेजारणीशी भांडले!"

ती हसता हसता रडायला लागली. मला घरी न्यायला निघाली, पण अक्कानं मागून घेतलं. आता मी इथंच असतो. नवा कोणी आला की अक्का मला पुढं करते आणि विचारते, "हा कोणाचा?" प्रत्येकाला स्वतःचं सामान मिळतं: चमचा, पाणी, कापूस, सगळं. ज्याचं त्याचं.

आज वायरमन गोळ्या न्यायला आलाय. सांगत होता, ताईनं ताट खाली आणलं आणि काल त्याच्याच ताटातला घास उचलून खाल्ला.

तुम्हाला माझं एकच सांगणं. घरात माणसाला वेगळं काढू नका, आणि वेगळं ठेवायचं ते मात्र दोस्तालाही देऊ नका. बाकी मी चमचा, मला काय कळतंय!

पण थांबा, दारातून रंगारी आलाय. कसाबसा बसला, बोट पुढं केलं, डोळे घट्ट मिटले. अक्कानं टोचलं. निकालाला थोडा वेळ लागेल. वायरमन त्याच्या शेजारी बसून आहे. काय निघेल ते कळल्याशिवाय मला राहवत नाहीये.

रंगारी बोटावर कापूस दाबून बसलाय. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो कापूस त्याच्या एकट्याचा आहे.