चौऱ्याहत्तर किलो

वासुदेवचं वजन चौऱ्याहत्तर किलो होतं. मला ते पक्कं ठाऊक होतं, कारण आमच्या गाडीच्या स्प्रिंगा त्याच वजनावर बसवलेल्या होत्या. म्हणून सप्टेंबरच्या त्या रविवारी मी नेदरलँड्समधल्या आमच्या न्यूनेन गावाहून निघाले तेव्हा शेजारच्या सीटवर तांदळाच्या वीस-वीस किलोच्या दोन गोण्या, कणकेच्या दहा-दहाच्या तीन पिशव्या आणि चार किलो तूरडाळ होती. वरून सीटबेल्ट लावला होता. कोणी हसलं असतं तर मी भांडायच्या तयारीनंच निघाले होते.

तो एप्रिलमध्ये गेला. फेब्रुवारीत वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस म्हणून पुण्याला गेला होता. परतीची तारीख दोनदा पुढे गेली, तिसऱ्यांदा त्यालाच ताप आला. नऊ दिवसांत सगळं आटोपलं. माझ्या नणंदेनं, लतिकानं, स्मशानात लांबून फोन उंच धरला आणि मी इथे जेवणाच्या टेबलाशी बसून पाहिलं. मधेच नेटवर्क गेलं. परत आलं तेव्हा पडद्यावर लतिकाच्या चपला होत्या.

दुसऱ्या दिवशी शेजारणीनं दारात सूपचं भांडं ठेवलं, बेल वाजवली आणि चार पावलं मागे जाऊन उभी राहिली. दीड मीटरचा नियमच होता. ती तिथून रडली, मी इथून. ऑफिस घरातच, माणसं स्क्रीनवर. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत मला कोणाचाही हात लागला नव्हता, लस टोचणारी मुलगी सोडली तर. कीव यावी म्हणून सांगत नाही. खरं आहे म्हणून सांगते.

आणि गाडी होती. मझदाची जुनी, दोन सीटांची. ती बांधायची वासुदेवनं आणि चालवायची मी, अशी आमची वाटणी होती. ऑटोक्रॉस हा हौशी लोकांचा खेळ: एखादं रिकामं डांबरी आवार घ्यायचं, नारिंगी शंकू मांडायचे, आणि एकेका गाडीनं त्यांच्यामधून वळणं घेत जायचं. वेग फार नसतो, पण वळणं एकामागून एक येतात. शंकू पडला की दोन सेकंद दंड. आमचा क्लब दर सप्टेंबरला हेल्मंडच्या पलीकडे एका भाजीलिलावाच्या आवारात तोच मार्ग आखायचा. शंकूंच्या जागा जमिनीवर रंगवलेल्याच होत्या. माझी आजवरची सगळ्यात चांगली वेळ अठ्ठेचाळीस पूर्णांक सहा सेकंद, २०१९ सालची. पुढच्या वर्षी स्पर्धा झालीच नाही.

चालवायला मला त्यानंच शिकवलं, आणि शिकवताना त्यानं जितका अंत पाहिला तितका माझ्या सासूनंही पाहिला नाही. "मेधा, समोरच्या शंकूकडे बघू नको, त्याच्या पुढच्याकडे बघ. गाडी नजरेच्या मागे जाते." "ब्रेक वळायच्या आधी, सरळ असताना. वळताना ब्रेक मारलास की पुढच्या टायरनं एकाच वेळी दोन कामं कशी करायची?" "अ‍ॅक्सिलरेटर झटकन सोडू नको, मागचं बूड सुटेल." दर फेरीनंतर तो टायरच्या कडेला खडूनं रेघ ओढायचा आणि पुढच्या फेरीनंतर ती कुठवर पुसली गेली ते पाहून हवा कमी-जास्त करायचा.

वजनाच्या बाबतीत तर तो पिसाटच होता. स्टेपनी काढली, जॅक काढला, पायपुसण्या काढल्या. डॅशबोर्डवरचा माझा पितळी गणपतीसुद्धा काढून घरी ठेवला, का, तर दोनशे ग्रॅम. आणि स्वतः मात्र शेजारच्या सीटवर हेल्मेट घालून ऐसपैस बसायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! मी एकदा विचारलंही होतं. तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "तू डावीकडे बसतेस. उजवीकडे कोणी नसेल तर तोल जाईल. मी तुझं काउंटरवेट आहे." मी सॉफ्टवेअरची बाई, स्प्रिंगांमधलं मला काय कळतंय? पटलं. त्यानं गॅरेजमध्ये चार चाकांखाली चार वजनकाटे मांडले, आम्ही दोघं हेल्मेट घालून आत बसलो, आणि मग उतरून प्रत्येक स्प्रिंगखालचं आट्यांचं कडं थोडं वर, थोडं खाली करत त्यानं चारी चाकांवरचा भार जुळवला. ती गाडी तेव्हापासून तशीच होती.

त्याचे कपडे मी देऊन टाकले होते. फोन बंद केला होता. त्याच्या हातची जशीच्या तशी उरलेली एवढी एकच गोष्ट होती, ती चार कडी. ती हलवायची नाहीत, हे मी ठरवलं होतं. म्हणून तांदूळ.

गाड्या तपासायला विम होता. सत्तरीचा, उंच, मास्क हनुवटीखाली. इथे आजोबांच्या वयाच्या माणसालाही नावानं हाक मारतात. माझी जीभ अजून अडखळते. त्यानं काचेतून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"मेधा, हे काय आहे?"

"वासुदेवचं वजन," मी म्हणाले.

तो हसला नाही. मला जरा बरं वाटलं. पण म्हणाला, "गाडीत सुटं सामान चालत नाही. माणूस चालला असता, पण यंदा तोही नाही. कोरोनाचा नियम. काढावं लागेल."

मी वाद घातला. बेल्ट लावलाय म्हटलं, पाहिजे तर दोरीनं बांधते म्हटलं. शेवटी एकेक पिशवी उचलून कुंपणाशी ठेवली. एकटीनं. विम मदतीला पुढे आला आणि दीड मीटरवर थबकला. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, दुकान उघडतेस की काय. त्याच्याकडे मी असं पाहिलं की त्यानं मास्क नाकावर ओढला.

पहिल्या फेरीला गाडी उभ्याउभ्याच डावीकडे कललेली होती, उजवा खांदा उचलल्यासारखी. डावीकडची वळणं ठीक गेली. उजवीकडे वळले की सगळा भार डाव्या टायरांवर जायचा आणि ती बाहेर घसरायची. दोन शंकू पाडले. दुसऱ्या फेरीला मी चिडून अ‍ॅक्सिलरेटर झटकन सोडला. जे होणार म्हणून तो पाच वर्षं सांगत होता तेच झालं: मागचं बूड सुटलं आणि मी गरकन फिरून आल्या दिशेकडे तोंड करून उभी राहिले. शेजारी कोणी "काही झालं नाही, चल" म्हणालं नाही. तेव्हा मी रडले. हेल्मेटमध्ये डोळे पुसता येत नाहीत.

विम जॅक आणि कड्यांचा पाना घेऊन आला. "उजवी बाजू खाली घे. साधारण चार फेरे. तुला करता येईल."

"मला करायचं नाहीये!" मी ओरडले. "तुला काय माहीत ते कोणी बसवलंय!" वड्याचं तेल वांग्यावर. त्या माणसाचा काही दोष नव्हता. त्यानं पाना जमिनीवर ठेवला, दोन पावलं मागे सरकला, आणि तिथेच उभा राहिला. गेला नाही.

मी पान्याकडे पाहिलं. मग वाटलं, वासूनं अशी कललेली गाडी पाहिली असती तर त्याला जेवण गेलं नसतं. गाडी जॅकवर चढवली. कडं आधी हलेना. वर माती बसली होती. पान्यानं हाणलं तेव्हा करकरलं आणि फिरलं. एक, दोन, तीन, चार. मागचं तसंच. संपलं. त्यानं जुळवलेली गाडी आता नव्हती.

तिसऱ्या फेरीला मी पुढच्या शंकूच्या पुढच्या शंकूकडे पाहिलं. ब्रेक सरळ असताना. पाय हळूच उचलला. गाडी डावीकडे, उजवीकडे सारखीच वळत होती, आणि हलकी, इतकी हलकी की मला घाबरायला झालं. शेवटच्या सरळ पट्ट्यावर तर ती पळालीच.

सेहेचाळीस पूर्णांक सात.

मी उतरून तडक विमच्या टेबलाशी गेले. "तुमचं घड्याळ बिघडलंय."

"नाही बिघडलेलं."

"जवळजवळ दोन सेकंद? सहा महिने गाडीला हात न लावता?"

विमनं चष्मा काढला. "चौऱ्याहत्तर किलो कमी झालं, मेधा. एवढा फरक पडतोच." मग म्हणाला, "मी त्याला पहिल्याच वर्षी म्हटलं होतं. तू उतर, कडी थोडी फिरव, तोल साधतो, आणि ती दोन सेकंद लवकर येईल. तो म्हणाला, माहीत आहे. दोन सेकंदांसाठी मी बाहेर उभा राहू? तिला सांगू नकोस. आम्ही कोणीच सांगितलं नाही."

"कोणीच म्हणजे?"

"सगळ्या क्लबला माहीत होतं."

लबाड! दोनशे ग्रॅमचा गणपती बाहेर काढला माझा. मला हसू आलं, मोठ्यानं, आणि त्याच हसण्यात पुन्हा रडू आलं. इतकी चिडले होते, आणि चिडायला तो नव्हता. पाच वर्षं मी जिंकत नव्हते आणि तो माझ्या शेजारी बसून होता, आणि मला ते आत्ता कळत होतं. विम दीड मीटर ओलांडून आला आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या नियमाची कोणी आठवण करून दिली नाही.

बक्षीस म्हणून कॉफीचा एक मग मिळाला. तो मागे टाकला. मग कुंपणाशी गेले आणि तांदळाच्या गोण्या, कणीक, डाळ एकेक करून परत सीटवर ठेवली, नीट, आधी होती तशी. बेल्ट लावला. विमनं पाना पुढे केला. जाताना स्प्रिंगा परत वर घ्यायच्या आहेत का, असं विचारलं. मी नको म्हटलं.

न्यूनेनपर्यंत गाडी उजवीकडे कलून चालली होती. घाई नव्हती. मी सावकाश चालवत नेली.