ओळख विसरल्याचा अर्ज

मुलं दत्तक देण्याचा कायदा आमच्याकडे राज्यागणिक वेगळा. पुलापलीकडच्या राज्यात मूल फक्त नातेवाइकालाच देतात, आमच्या राज्यात फक्त परक्यालाच. दोन्हीकडच्या शहाण्यांनी मिळून ठरवलं असतं तरी इतकं छान जमलं नसतं. आणि माझं किल्ल्या करायचं दुकान नेमकं पुलाच्या अलीकडे. नशीबच फुटकं, दुसरं काय!

भिंगरी माझ्या ताईची मुलगी. ताई गेली तेव्हा पोर रांगतही नव्हती, आणि बापाचा पत्ता कधीच नव्हता. मी उचलली, वाढवली, कुणाला विचारायला गेले नाही. शाळेत नाव घालायची वेळ आली तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या, "कायद्याने ही तुमची कोण?" म्हटलं, "भाची." त्या म्हणाल्या, "भाची चालत नाही. मुलगी करून आणा."

करून आणा! जशी काही डुप्लिकेट किल्लीच.

दत्तक कार्यालयातले साहेब स्वभावाने गरीब, हे मात्र खरं. खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला.

"बाई, तुमचं सगळं उत्तम आहे," ते म्हणाले. "घर आहे, धंदा आहे, पोरीवर माया आहे. अडचण एकच. तुमची तिच्याशी ओळख आहे."

"ओळख? अहो, तिचा पहिला पडलेला दात माझ्या गल्ल्यात आहे!"

"तेच तर. पूर्वओळख असलेल्याला मूल देता येत नाही. वशिलेबाजी होते ना."

"मग विसरते मी ओळख!" मी चिडून म्हटलं.

साहेबांचा चेहरा एकदम खुलला. "तसं लेखी द्या की."

दिलं लेखी. 'मी सदर बालिकेस पूर्णपणे विसरले आहे.' साक्षीदार शेजारचा न्हावी. त्याने तर अगदी मनापासून साक्ष दिली. म्हणाला, ही बाई काहीही विसरू शकते, माझी शिडी नेलेली अजून हिला आठवत नाही.

मग भिंगरीला बालगृहात पोचवावं लागलं. परक्याला मूल द्यायचं तर ते आधी सरकारजमा झालेलं हवं. तिथे आमच्या भेटी ठरल्या. पहिल्या भेटीत मुलाने संकोच दाखवायचा, दुसरीत कुतूहल, तिसरीत ओढ. शेवटी मुलाने तोंडाने 'हो' म्हणायचं. नाही म्हटलं की यादीतला पुढचा नंबर दातांच्या डॉक्टर नवराबायकोचा. माणसं फार चांगली होती म्हणे. चुलीत गेला त्यांचा चांगुलपणा!

पोचवायच्या आधी दुकानातच तिला शिकवलं. "हे बघ, आपण अनोळखी-अनोळखी खेळायचं. मी कोण?"

"मावशी."

"चूक. मी कोण?"

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही कोण हो बाई? किल्ली हरवलीय का तुमची?"

पोर माझ्यापेक्षा हुशार निघाली. पहिल्या भेटीत तिने असा संकोच केला की साहेब खूश. फजिती माझीच झाली. तिच्या नाकाखाली शेंबूड दिसला आणि माझा पदर आपोआप पुढे गेला. साहेबांनी भुवई वर केली. नंतर दुधाचा पेला आला, तर मी बोलून गेले, "साय काढा, तिला उलटी होते."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तोंडावरून वाटतं हो," म्हटलं. "सायीला भिणारी मुलं अशीच दिसतात."

साहेबांनी लिहून घेतलं, 'अर्जदारास मुलांची उपजत जाण.'

दुसऱ्या भेटीत कुतूहल दाखवताना ती माझ्या मांडीजवळ सरकली आणि हळूच कुजबुजली, "मी नीट खेळतेय ना?" मला हुंदका आवरेना. साहेबांना सांगितलं, सर्दी झालीय.

तिसऱ्या भेटीला साहेबांनी तिला समोर बसवलं. "बाळ, या बाईंबरोबर घरी जाशील?"

भिंगरीने ताठ बसून खणखणीत उत्तर दिलं, "नाही. मी यांना ओळखत नाही. माझी मावशी येणार आहे मला न्यायला."

हात तिच्या मारी! खेळ शिकवला, पण जिंकायचं कधी ते सांगायचं राहूनच गेलं. दातांचे डॉक्टर मला दारात उभे दिसायला लागले.

"मावशी?" साहेब गडबडले. "बालिकेला मावशी आहे? मग तिची ना हरकत लागेल. बोलवा तिला."

"साहेब, मीच की ती!"

"तुम्ही अर्जदार आहात. तुम्ही बाहेर थांबा आणि मावशीला आत पाठवा."

बाहेर गेले, पदर दुसऱ्या खांद्यावर घेतला, आत आले. साहेब उठून नमस्कार म्हणाले. मावशीकडून त्यांनी लिहून घेतलं की मी या मुलीवरचा हक्क कायमचा सोडते. हे त्यांनी मोठ्याने वाचलं. भिंगरी ऐकत होती. मी सही केली. पेन इतकं जड कधी लागलं नव्हतं.

परत बाहेर, परत आत.

"बाळ," साहेब मायेने म्हणाले, "मावशीने तुला सोडलं. आता या बाईंबरोबर जाशील?"

तिने माझ्याकडे पाहिलं ते खेळातलं नव्हतं. मग जो टाहो फोडला! मीही नियमबियम गुंडाळून धावले, तिला छातीशी धरलं. "नाही गं सोडलं, माझे आई, नाही सोडलं!" तिने माझ्या गळ्याला अशी मिठी मारली की माझ्या दुकानातल्या कुठल्याच किल्लीने सुटली नसती. "जायचं, जायचं," एवढंच म्हणत होती.

साहेबांनी डोळे पुसत लिहिलं, 'ओढ समाधानकारक. तोंडी संमती प्राप्त.' आणि शिक्का मारला.

रस्त्यात ती म्हणाली, "खरंच सही केलीस?"

"केली."

"मला सोडायची?"

खोटं कसं बोलू? "हो. त्याशिवाय तुला देत नव्हते गं."

"पुन्हा मागितली तर?"

"तर हात मोडून घेईन, पण सही करणार नाही."

"कुठल्या हाताने करतेस?"

"या, उजव्या."

तिने माझा उजवा हात दोन्ही हातांनी धरला. दुकान आलं तरी सोडेना. म्हटलं, "अगं, उघडू तरी दे." नाहीच. शेवटी शटरचं कुलूप डाव्या हाताने उघडलं. गिऱ्हाईक आलं, त्याला उद्या ये सांगितलं. जेवलेसुद्धा डाव्याच हाताने.