खऱ्या मालकीणबाई कोण

अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेल्या बाईंना सगळी गल्ली दुरुस्तीबाई म्हणायची. त्यांच्या तोंडावर नाही, कारण तोंडावर म्हणणाऱ्याचं पुढचं वाक्यही दुरुस्त होऊन परत आलं असतं. औषधाच्या दुकानातली पाटी त्यांनी दोनदा बदलायला लावली होती. शोकसंदेशातल्या चुकांवर लाल खूण करून त्यांनी तो घरच्यांना परत नेऊन दिला होता, तोही तेराव्या दिवसाची वाट न बघता.

त्यांची धाकटी बहीण अगदी उलट. तिला चुका दिसत नसत, संकटं दिसत, आणि तीही घडायच्या आधी. कुठेतरी कुणाचं तरी बंद घर खोट्या सहीने परस्पर विकलं गेलं, हे वाचल्यापासून तिने ताईच्या मागे धोशा लावला. वडिलांचं, आता ताईच्या नावावर असलेलं दोन खोल्यांचं घर तीन वर्षं कुलपात पडून होतं. नोंदणी कार्यालयात आपला फोन नंबर देऊन ठेवला, की आपल्या घराचा कुठलाही दस्त आला तर संदेश येतो, फुकट येतो, एवढं करायला काय जातं, असं ती रोज म्हणे.

बाईंचं म्हणणं असं, की घर काही खिशातला रुमाल नाही, कोण उचलून नेणार? पण अर्जाचा नमुना हातात पडल्यावर त्यात चार चुका निघाल्या. त्या दाखवायला त्या स्वतः कार्यालयात गेल्या आणि गेल्यासारखा अर्जही भरून आल्या. धाकटीने देवाचे आभार मानले. चुकांचे मानायला हवे होते.

दोन महिन्यांनी संदेश आला. वडिलांच्या घराच्या खरेदीखताची नोंदणी उद्या सकाळी अकराला ठेवली आहे, आपण ती ठेवली नसल्यास ताबडतोब कळवावे. धाकटी म्हणाली, हाच संदेश फसवा असेल, हल्ली असले फार येतात. बाईंनी तो तीनदा वाचला.

"नाही," त्या म्हणाल्या. "फसव्या संदेशात शुद्धलेखन नसतं. यात सगळं जागच्या जागी आहे."

तरी त्यातल्या नंबरावर न जाता त्यांनी अर्जाच्या पोचपावतीवरच्या नंबराला फोन लावला. कारकुनाने संदेश खरा असल्याचं सांगितलं, मूळ कागद आणि ओळखपत्र घेऊन या म्हणाला, आणि आधी कुणाला काही बोलू नका असं बजावलं.

सकाळी साडेदहाला दोघी बहिणी कार्यालयात पोचल्या. कारकून मूळ कागद घेऊन आतल्या खोलीत निबंधकांकडे गेला आणि यांना बाहेरच्या बाकावर थांबायला सांगून गेला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक वयस्क बाई बसल्या होत्या. कडक इस्त्री, गळ्यात साखळीचा चष्मा, हातात घडी घातलेला कागद. त्या डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. शेजारी कुणी कागद धरला आणि आपण तो वाचला नाही, असं दुरुस्तीबाईंच्या हातून आयुष्यात घडलं नव्हतं. त्यांनी मान तिरकी केली. कागदावर दुरुस्तीबाईंचीच जन्मतारीख होती.

धाकटीने त्यांचा हात घट्ट धरला. बाईंनी तो सोडवला आणि गोड आवाजात विचारलं, की घर विकताय वाटतं?

हो, वडिलांचं, त्या बाई म्हणाल्या. एकटीने दोन घरं कुठे सांभाळायची?

"नोकरी कुठे केलीत?"

"छापखान्यात. चाळीस वर्षं."

"अडतीस," दुरुस्तीबाई म्हणाल्या. राहवलंच नाही. "आणि काम काय करत होतात?"

त्या बाईंनी कागद उघडला, बोट फिरवलं आणि गोंधळून म्हणाल्या, "मुद्रितशोधक असं लिहिलंय. मला वाटलं, ते आडनाव आहे."

दुरुस्तीबाईंना आता राग यायला हवा होता. आला तो भलत्याच गोष्टीचा. आपली भूमिका कुणी करायची, तर थोडी तयारी तरी नको? त्यांनी पिशवीतून ओळखपत्र काढलं आणि त्या कागदाच्या शेजारी ठेवलं.

"ती बाई मी आहे," त्या म्हणाल्या.

पुढचं सगळं त्या दुसऱ्या बाईंनी खाली मान घालून सांगितलं. त्या नाट्यगृहात तिकिटं फाडायच्या, आता घरीच असत. दलालाने सांगितलं होतं, की मालकीणबाई अंथरुणाला खिळल्यात, बोलताही येत नाही, त्यांच्याच मर्जीने चाललंय, फक्त जाऊन सही करायची.

"बोलता येत नाही?" दुरुस्तीबाईंनी विचारलं. धाकटीला इतक्या काळजीतही हसू आलं, आणि ते लपवायला ती खोकली.

तेवढ्यात दलाल बाहेरून आला, सोबत घर घेणारा बेकरीवाला. आतून पुकारा झाला. निबंधकांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, मालकीण कोण? दलालाने, मागे उभ्या बहिणींकडे न बघताच, तिकीटवाल्या बाईंना पुढे केलं. त्या दोन पावलं गेल्या, थांबल्या आणि वळून म्हणाल्या, "मालकीण या आहेत. मी नाही. मला या माणसाने आणलं."

दलाल दाराकडे सरकला, पण दारात पहारेकरी उभा होता आणि निबंधकांनी पोलिसांना आधीच कळवलेलं होतं. बेकरीवाला मटकन खुर्चीत बसला. मूळ कागदांची प्रत दलालाला मिळाली कुठून, हे निबंधकांनी विचारलं, आणि तेव्हा दुरुस्तीबाईंनी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं.

हाच माणूस हिवाळ्यात त्यांच्या घरी आला होता. एक मसुदा तपासून हवाय, तुमच्यासारखं शुद्ध कुणाला येत नाही, असं म्हणाला होता. त्या इतक्या खूश झाल्या, की खरेदीखत कसं लिहावं याचा उत्तम नमुना म्हणून त्यांनी वडिलांच्या घराच्या कागदांची प्रत त्याच्या हातात ठेवली होती. गप्पांत छापखाना आणि जन्मतारीखही आली होती. हे सगळं निबंधकांना सांगणं भाग होतं आणि तेही धाकटीच्या देखत. सबंध दिवसातली तीच घटका कठीण गेली.

"ताई," धाकटी म्हणाली, "तू घर उघडं टाकलं नव्हतंस. तोंड उघडं टाकलं होतंस."

बाईंना या वाक्यात दुरुस्ती सापडली नाही.

व्यवहार तिथेच थांबला. दलालावर गुन्हा दाखल झाला, तेव्हा त्याच्या पेटीत आणखी पाच बंद घरांच्या कागदांच्या प्रती निघाल्या आणि त्या मालकांनाही कळवलं गेलं. तिकीटवाल्या बाईंनी जबाब दिला. त्यांना सोडलं, पण पोलिसांच्या आधी दुरुस्तीबाईंनी त्यांना दारात अर्धा तास ऐकवलं होतं. वडिलांच्या घराच्या नोंदीवर निबंधकांनी शेरा लिहिला: मालकिणीची ओळख समक्ष पटवल्याशिवाय कोणताही दस्त घेऊ नये.

बंद घरावरच असल्यांचा डोळा असतो, हे आता धाकटीने सांगायची गरज उरली नाही. बेकरीवाल्याला राहायला जागा खरोखरच हवी होती. धाकटीने त्याची बेकरी, त्याचा जुना घरमालक आणि त्याची सासू अशी तिन्ही ठिकाणी चौकशी केली, आणि मग बाईंनी ते घर त्याला भाड्याने दिलं. महिन्याच्या पहिल्या तारखेला बाई त्याला खोल्या दाखवायला गेल्या. मागची खिडकी खालून ठोसा दिल्याशिवाय उघडत नाही, हे त्यांनी करून दाखवलं. तिसऱ्या ठोशाला ती उघडली, आणि तीन वर्षांची धूळ दोघांच्याही डोक्यावर पडली.