उधाणाची विहीर

पुनवेची भरदुपार. घणसोली गावठाणात, टॉवरच्या सावलीत, विहिरीभोवती पाय ठेवायला जागा नव्हती.

“बघा, विहिरीतली आई श्वास घेते!” श्यामसुंदर महाराज माइकवरून गरजला. “ना मोटर, ना पाइप! औषधं टाका गटारात, तीर्थ घ्या पोटात!”

आणि खरंच पाणी चढत होतं. आवाज न करता पायरीमागून पायरी गिळत होतं. मोबाइल उंचावले, बाया रडल्या. गोजराआजीने कावीळ झालेल्या नातीच्या, अक्षताच्या, ओठांना तांब्या लावला. डॉक्टरांनी दाखल करायला सांगितलं होतं. आजीने गोळ्याही फेकल्या होत्या.

शाळेतल्या क्षिप्रा टीचर शहराच्या लोककथांचा नकाशा करत होत्या. नकाशात या विहिरीच्या ठिपक्याला त्यांनी गोजराआजीचंच भातलावणीचं गाणं जोडलं होतं. ते त्यांनी तिथेच, आजीसमोर, मोबाइलवर लावलं :

पुनवेचं उधान खारीला गो,
हिर माझी भरली दुपारीला गो…

“आजी, तुम्हीच गायलंय. उधाणाची मोठी भरती आली की खाडी जमिनीखालून रेटा देते, विहीर चढते. महाराज फक्त तिथी बघतो. अष्टमीच्या दुपारी ओहोटी असते, तेव्हा चढवून दाखवू दे!”

अष्टमीला सगळ्यांनी महाराजाला विहिरीवर उभं केलं. त्याने घसा फोडला. पाणी तळाशी निपचित.

“आई रुसली! या मास्तरणीने नावं ठेवली!”

“टीचर, तुमी जावा ना,” गावातला प्रीतम म्हणाला, “देवाला कशाला टेन्शन देता?”

गोजराआजी मात्र आपलंच गाणं पुटपुटली आणि ‘उधान’पाशी थबकली.

“मना ठावं व्हतं गो बाय… खारीकाठची शेती गेली नि मी इसारली.”

तिने अक्षताला उचलून तशीच रिक्षा केली. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, “फार उशीर केलात.” अक्षता घरी परतली नाही.

अवसेला पुन्हा उधाण, पुन्हा भरलेली विहीर. गर्दी दुप्पट.

“शंका घेतली, पोर गेली!” माइक बोलला.

गोजराआजी कठड्याला धरून ओरडली, “आई नाय रं ती! उधान हाय, उधान!”

शेजारच्या सोसायटीतल्या मनालीने भक्तिभावाने हात जोडले. “उधानदेवी का? हिला नवस काय बोलतात?”

उधाण ही देवी नव्हे. चंद्र ओढतो, खाडी फुगते, विहीर भरते. आपल्याच आज्या हे गात होत्या. हात जोडायचेच तर जोडा, पण आजारी लेकराला आधी दवाखान्यात न्या.

विहीर पुढच्या पुनवेलाही भरणार आहे.