खणातली शिट्टी

मित्रांनो, मी एक जुने श्रवणयंत्र आहे. घरात मला सगळे नुसते 'मशीन' म्हणत. माझा जीव शेंगदाण्याएवढा, रंग आजीच्या केसांसारखा करडा. कानामागे बसले की कुणाला दिसायचेही नाही. एक खोड तेवढी आहे. चालू असताना मला कुठे कोंडले की मला शिट्टी फुटते.

आजी शिवणकाम करायची. वय झाले तसे तिचे कान गेले. मग कुणी काही विचारले की ती हसून "हो" म्हणायची. पुन्हा पुन्हा विचारून माणसे वैतागतात, त्यापेक्षा हे बरे. मी आले आणि घर बोलके झाले. नात तिच्या कानाशी कुजबुजू लागली. सून फार बोलायला लागली की आजी मला हळूच बंद करायची. "बंद केलंत ना, आई?" सून विचारायची. आजी म्हणायची, "हो."

पुढे तिच्या पायाला जखम झाली आणि ती चिघळली. तिने मुलाला बजावले होते, "पाय कापू द्यायचा नाही."

ताप चढला तेव्हा तिला रुग्णालयात नेले. तपासणीआधी तिच्या बांगड्या काढल्या, मलाही काढले. बांगड्या सुनेने पर्समध्ये ठेवल्या. मला नर्सने बंद न करताच कापसात गुंडाळून खाटेशेजारच्या खणात ठेवले आणि तिची ड्यूटी संपली.

सकाळी ताप उतरला, पण पायातले विष वर चढत होते. मुलाने आईचे म्हणणे डॉक्टरांना सांगितले. मी तिच्या कानामागेच आहे, असे त्याला वाटत होते. ते म्हणाले, त्यांनाच विचारू. ते भले होते, वाकून सावकाश बोलले. तुमचे नाव काय? आजी हसली. "हो." आत्ता कुठे आहात? "हो." मी खणात जीव खाऊन शिट्टी वाजवत होते.

"पाय काढावा लागेल, आजी. चालेल?"

"हो."

"यांना काही समजत नाहीये," डॉक्टर मुलाला म्हणाले. "तुम्हालाच ठरवावं लागेल. आणि हा आवाज कसला येतोय, बघा जरा."

नव्या नर्सने खण उघडला, माझी बॅटरी काढली, खण लावला. सही मुलाने केली.

शस्त्रक्रियेनंतर आजीनेच चाचपून मला शोधले, बॅटरी बसवली, कानात घातले. पांघरूण एका बाजूला सपाट होते. मग तिने मुलाकडे बघितले.

"मला विचारलं नाहीस?"

"विचारलं गं आई. तुला समजत नव्हतं."

तिने मला काढून ठेवले, ते कायमचेच. कदाचित नातीसाठी तिने पाय दिलाही असता. पण द्यायचा की नाही, हे तिने ठरवायचे होते.

मित्रांनो, एखाद्याला समजत नाही असे ठरवण्याआधी त्याच्या उशाजवळचा खण उघडून बघा. आत कुणीतरी शिट्टी वाजवत असेल.